विजेता प्रशिक्षक सहाय्यक का होतो?

३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगच्या मैदानावर ऐझॉल एफसी या मिझोरममधील क्लबने शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधली आणि त्या एका गुणाच्या बळावर आय-लीग ही त्या वेळची देशातील मानाची साखळी स्पर्धा जिंकली. ऐझॉलचे ३७ गुण झाले होते, तर कोलकात्याचा मोहन बागान ३६ गुणांवर थांबला. ईशान्य भारतातील क्लबने राष्ट्रीय साखळी जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. गंमत अशी की आदल्या हंगामात हाच संघ खालच्या श्रेणीत घसरला होता आणि गोव्यातील क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळे त्याला आपली जागा परत मिळाली होती. या संघाचे प्रशिक्षक होते खालिद जमील. मुंबई एफसी या क्लबशी असलेला त्यांचा प्रशिक्षक म्हणून सात वर्षांचा संबंध २०१६ मध्येच संपला होता.

ऐझॉलच्या त्या विजयानंतर दोन वर्षांनी, म्हणजे २०१९ मध्ये, हेच खालिद जमील नॉर्थईस्ट युनायटेड या इंडियन सुपर लीग (आयएसएल) स्पर्धेतील क्लबमध्ये रुजू झाले, ते सहाय्यक प्रशिक्षक म्हणून. त्यांच्या वरच्या खुर्चीवर क्रोएशियाचे रॉबर्ट यार्नी होते. नाशिकमध्ये हा तपशील कोणाला सांगितला की ऐकणारा पहिला प्रश्न हमखास विचारतो, “म्हणजे डिमोशन झाले का?” हा प्रश्न चुकीचा आहे असे मला वाटते, परंतु तो का पडतो हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, नाशिक रोडच्या प्रेसमध्ये किंवा जिल्हा परिषदेत नोकरी म्हणजे एक जिना असतो. असिस्टंट मॅनेजरचा मॅनेजर होतो, मॅनेजरचा पुन्हा असिस्टंट झाला तर त्यामागे चौकशी तरी असते किंवा कंपनीची वाईट वेळ तरी. फुटबॉलमध्ये मात्र खेळाडू, मुख्य प्रशिक्षक आणि सहाय्यक प्रशिक्षक ही एकाच जिन्याची तीन पावले नसून तीन वेगळे व्यवसाय आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी बरेच काही नव्याने शिकावे लागते.

आधी शब्दांचा गोंधळ दूर केला पाहिजे, कारण ‘मॅनेजर’ या शब्दाने आपली बरीच दिशाभूल केली आहे. क्रिकेटच्या बातम्या वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला संघाचा मॅनेजर म्हटले की दौऱ्यावरची तिकिटे, हॉटेल, सरावाच्या वेळा आणि मंडळाशी पत्रव्यवहार सांभाळणारा गृहस्थ आठवतो. इंग्लंडमधील फुटबॉलमध्ये मात्र मॅनेजर म्हणजे संघाचा सर्वेसर्वा. अकरा खेळाडू निवडणे, डावपेच ठरवणे, सराव घेणे आणि एके काळी तर कोणता खेळाडू विकत घ्यायचा व कोणता विकायचा हेही तोच ठरवत असे. युरोपच्या इतर देशांत खरेदी-विक्रीचे काम बहुधा क्रीडा संचालकाकडे असते आणि मैदानावरचे काम पाहणाऱ्याला मुख्य प्रशिक्षक म्हणतात. भारतीय क्लबांत तर आणखी गंमत आहे. तेथे मुख्य प्रशिक्षक वेगळा आणि प्रवास, नोंदणी, कागदपत्रे पाहणारा टीम मॅनेजर वेगळा. त्यामुळे खालिद जमील ऐझॉलचे मॅनेजर होते असे इंग्रजी वृत्तपत्रात छापून आले, तर त्याचा अर्थ त्यांनी खेळाडूंच्या सामानाची मोजदाद केली असा घेऊ नये. या लेखात मी ‘मुख्य प्रशिक्षक’ हाच शब्द वापरणार आहे.

खालिद जमील यांचा जन्म १९७७ मध्ये कुवेतमध्ये झाला आणि आखाती युद्धाच्या सुमारास त्यांचे कुटुंब मुंबईत आले. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया या त्या काळी मुंबईच्या फुटबॉलचा कणा असलेल्या दोन्ही संघांकडून ते मध्यफळीत खेळले आणि भारताकडूनही उतरले. पुढे दुखापतींनी घेरले. मुंबई एफसीच्या नोंदवहीत खेळाडू म्हणून नाव असूनही त्यांना मैदानावर उतरता येईना, आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. अगोदर त्या जागी डेव्हिड बूथ हे इंग्लिश प्रशिक्षक होते.

वाक्यात हा बदल एका ओळीत मावतो, प्रत्यक्षात मात्र तो फार अवघड असतो. खेळाडूचे ज्ञान त्याच्या पायांत असते. चेंडू डावीकडून येत असताना शरीर किती वळवायचे, प्रतिस्पर्धी मागून धडकणार हे कसे ओळखायचे, हे त्याला कळत असते. पण ते सांगता येतेच असे नाही. गाडी चालवणाऱ्या माणसाला क्लच कधी दाबतोस असे विचारले तर तो क्षणभर गडबडतो, तसेच हे आहे. प्रशिक्षकाला हेच ज्ञान शब्दांत आणि सरावाच्या खेळांत उतरवावे लागते, आणि तेही स्वतःच्या जागेपुरते नव्हे, तर गोलरक्षकापासून आघाडीपटूपर्यंत सर्वांसाठी. खेळाडूला आपल्यासमोरचा प्रतिस्पर्धी कळला तरी पुष्कळसे भागते, प्रशिक्षकाला बावीस जणांमधली मोकळी जागा दिसावी लागते. त्यातच कालपर्यंत ज्यांच्याबरोबर एका डब्यातून जेवलो त्यांच्यापैकी चौघांना आज संघाबाहेर बसवायचे असते. यातले कोणतेच कौशल्य गोल मारून मिळत नाही.

म्हणूनच थोर खेळाडू थोर प्रशिक्षक होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ३ जुलै २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनमध्ये विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना झाला. अर्जेंटिनाच्या बाकाजवळ दिएगो माराडोना उभे होते, ज्यांच्याएवढा खेळाडू शतकात एखाददुसराच होतो. जर्मनीच्या बाकाजवळ योआखिम लोव होते, ज्यांना जर्मनीच्या मुख्य संघाकडून एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. जर्मनीने तो सामना ४-० असा जिंकला. एका सामन्यावरून नियम मांडू नये हे खरे, पण मैदानावरची थोरवी बाकापर्यंत आपोआप चालत येत नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

लोव यांची कारकीर्द आपल्या प्रश्नाला नेमके उत्तर देते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. १९९७ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्टुटगार्टने जर्मन चषक जिंकला. पुढच्याच वर्षी हा संघ युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि चेल्सीकडून हरला. नंतर तुर्कस्तान, ऑस्ट्रिया असा प्रवास झाला. २००२ मध्ये त्यांनी ऑस्ट्रियात टिरोल इन्सब्रुकला साखळी जिंकून दिली आणि तो क्लब लगेच दिवाळखोरीत निघाला. म्हणजे २००४ मध्ये जेव्हा युर्गन क्लिन्समन यांनी त्यांना जर्मनीच्या राष्ट्रीय संघासाठी सहाय्यक म्हणून बोलावले, तेव्हा लोव हे चषक जिंकलेले, अनुभवी मुख्य प्रशिक्षक होते आणि क्लिन्समन यांनी त्यापूर्वी एकाही संघाला प्रशिक्षण दिलेले नव्हते. जिन्याच्या हिशोबाने पाहिले तर हे उफराटे आहे. पण कामाची वाटणी पाहिली की कोडे सुटते. क्लिन्समन विश्वविजेते खेळाडू होते, त्यांच्या शब्दाला देशात वजन होते, जुन्या पद्धती मोडण्याची धमक त्यांच्याकडे होती. सरावाची आखणी, संघाची ठेवण, बचावफळीने एकमेकांपासून किती अंतर राखायचे, हे लोव यांचे क्षेत्र. २००६ च्या विश्वचषकात जर्मनी तिसरी आली, क्लिन्समन बाजूला झाले आणि लोव मुख्य झाले. आठ वर्षांनी ब्राझीलमध्ये जर्मनीने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांच्या शेजारी सहाय्यक म्हणून हान्सी फ्लिक बसले होते. तेच फ्लिक २०१९ च्या उन्हाळ्यात बायर्न म्युनिकमध्ये सहाय्यक म्हणून गेले, नोव्हेंबरमध्ये वरचे पद रिकामे झाल्यावर तात्पुरते मुख्य झाले आणि ऑगस्ट २०२० मध्ये चॅम्पियन्स लीगचा चषक घेऊन उभे राहिले.

आता सहाय्यक नेमके करतो काय, याकडे वळू. टीव्हीवर तो मुख्य प्रशिक्षकाच्या कानाशी कुजबुजताना दिसतो तेवढाच; परंतु सामना हा त्याच्या आठवड्याचा सर्वांत लहान भाग असतो. समजा, सामना रविवारी आहे. मागच्या सामन्यात खेळलेल्यांना सोमवारी हलका व्यायाम असतो आणि जे खेळले नाहीत त्यांना कसून सराव. हा दुसरा गट बहुधा सहाय्यकाच्या ताब्यात जातो. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे मागचे काही सामने पाहून त्यांच्या सवयी शोधायच्या, कॉर्नरवर ते कोणाला जवळच्या खांबाकडे पळवतात, चेंडू गमावल्यावर त्यांचा उजवा बचावपटू परतायला किती वेळ लावतो, आणि यातले खेळाडूंना झेपेल तेवढेच, दहा-पंधरा मिनिटांत सांगायचे. त्यानंतर मैदानावर शंकू मांडून तीच परिस्थिती उभी करायची. मोठ्या क्लबांत यासाठी गोलरक्षकांचा प्रशिक्षक, तंदुरुस्तीचा प्रशिक्षक, व्हिडिओ विश्लेषक आणि अलीकडे तर केवळ कॉर्नर-फ्री किकपुरता नेमलेला प्रशिक्षक अशी वेगवेगळी माणसे असतात. भारतातल्या बहुतेक क्लबांत यातली दोन-तीन कामे एकाच माणसाच्या अंगावर पडतात.

याहून नाजूक काम माणसांचे असते. पंचवीस-सव्वीस जणांच्या चमूतून अकरा जण उतरतात, आणखी पाच बदली म्हणून येऊ शकतात, म्हणजे दर आठवड्याला आठ-दहा जण नाराज असतात. मुख्य प्रशिक्षकाने त्यांना वगळलेले असते, त्यामुळे त्याच्याशी ते मोकळेपणाने बोलत नाहीत. ते सहाय्यकाशी बोलतात. घरातल्या कर्त्या माणसाशी जे बोलता येत नाही ते काकाशी बोलावे, तसा हा प्रकार असतो. चांगल्या सहाय्यकाला कळते की यातले काय वर पोहोचवायचे आणि काय आपल्यापाशीच ठेवायचे. हे तारतम्य नसलेला सहाय्यक कितीही हुशार असला तरी संघात दोन तट पाडतो.

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला ही कामांची वाटणी द्राक्षबागेवरून चटकन समजेल. निफाड-दिंडोरीकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरमध्ये गोड्या बहाराची. लोकांना दिसतो तो ऑक्टोबरनंतरचा घड. पण त्या घडाची काडी आणि तिच्यातला फळ देणारा डोळा उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर तयार झालेला असतो. तेव्हा कोणी बागेत फोटो काढायला येत नाही. सहाय्यकाचे काम खरड छाटणीचे असते.

सामन्याच्या दिवशी नियमांनीही दोघांत फरक केला आहे. बाकासमोर आखलेल्या जागेतून डावपेचांच्या सूचना देण्याची मुभा एका वेळी एकालाच असते. २०१९ च्या नियमबदलांनंतर प्रशिक्षकांनाही पिवळे-लाल कार्ड दाखवता येते आणि बाकावरून कोणी आगळीक केली, पण करणारा ओळखता आला नाही, तर कार्ड त्या जागेतल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाच्या नावे लागते. मुख्य प्रशिक्षकाला लाल कार्ड मिळाले की उरलेला सामना सहाय्यकाने चालवायचा. ज्याने आठवडाभर तयारी करून घेतली त्याला यात काही अवघड जात नाही, असे वाटेल. पण अवघड जाते, कारण सुचवणे आणि ठरवणे यांत मोठे अंतर आहे. सत्तराव्या मिनिटाला “डावीकडचा थकलाय, बदलायला हवा” असे सुचवणाऱ्याच्या डोक्यावर पराभव फुटत नाही. ठरवणाऱ्याच्या फुटतो.

हे अंतर किती खोल असू शकते हे ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर या इंग्लिश जोडीने दाखवले. दोघे मिडल्सब्रोमध्ये एकत्र खेळले. क्लफ आघाडीपटू, टेलर गोलरक्षक. क्लफ यांनी २७४ साखळी सामन्यांत २५१ गोल केले होते, पण १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी गुडघ्याला झालेल्या दुखापतीने त्यांचे खेळणे जवळजवळ संपवले. १९६५ मध्ये ते हार्टलपूल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि टेलर यांना सहाय्यक म्हणून घेऊन आले. पुढे डर्बी काउंटीला त्यांनी दुसऱ्या श्रेणीतून वर काढले आणि १९७२ मध्ये इंग्लंडचे विजेते केले. खेळाडू हेरण्यात टेलर यांचा हातखंडा होता. नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये असताना केनी बर्न्स या तापट म्हणून बदनाम असलेल्या खेळाडूवर त्यांनी कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लपूनछपून पाळत ठेवली होती, अशी हकिकत सांगितली जाते. आघाडीला खेळणाऱ्या बर्न्सला फॉरेस्टने बचावात उतरवले आणि पहिल्याच हंगामात तो इंग्लंडमधील वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टेलर यांनी निवडलेल्या खेळाडूंकडून क्लफ काम करून घेत असत, तेही कधी गोंजारून, कधी झापून.

१९७४ मध्ये या जोडीची जणू चाचणीच झाली. डर्बी सोडून दोघे ब्रायटनला आले होते; तेथून क्लफ एकटे लीड्स युनायटेडला गेले आणि टेलर ब्रायटनमध्ये मुख्य म्हणून राहिले. क्लफ लीड्समध्ये ४४ दिवस टिकले. टेलर यांना दोन हंगामांत ब्रायटनला वरच्या श्रेणीत नेता आले नाही. १९७६ मध्ये टेलर फॉरेस्टमध्ये क्लफ यांच्याकडे पुन्हा सहाय्यक म्हणून आले; १९७७ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत चढला, १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला, १९७९ आणि १९८० मध्ये लागोपाठ युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, जिंकला. टेलर गेल्यानंतरही क्लफ यांनी फॉरेस्टला १९८९ आणि १९९० मध्ये लीग कप मिळवून दिला, म्हणजे ते एकटे निकामी होते असे नव्हे. मात्र साखळी विजेतेपद पुन्हा मिळाले नाही. टेलर यांनी १९८२ मध्ये डर्बीची सूत्रे स्वतंत्रपणे घेतली, तीही फारशी फळली नाहीत. माझ्या भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मामा, मग टेलर मोठा की क्लफ?” मला हा प्रश्नच गैरलागू वाटतो, पण त्याला ते पटवणे मला जमले नाही, अकरावीतल्या मुलाला सर्वांना क्रमांक लावायचे असतात.

पदांच्या या येरझाऱ्यांत कागदपत्रांचा, म्हणजे परवान्यांचा, वाटा मोठा आहे. आशियाई फुटबॉल महासंघाच्या पद्धतीप्रमाणे डी, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो अशी प्रशिक्षक परवान्यांची चढती रांग असते आणि भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ हे अभ्यासक्रम चालवतो. डी परवान्यात लहान मुलांना खेळवण्याचे तंत्र असते, वर जावे तसे पूर्ण संघाचे डावपेच, हंगामाचे नियोजन, खेळाडूंचे व्यवस्थापन असे विषय येतात. एका पायरीवरून दुसरीवर जाताना मधल्या काळात प्रत्यक्ष संघाबरोबर काम करावे लागते. त्यामुळे भारताकडून पन्नास सामने खेळलेला माणूसही प्रो परवाना खिशात घेऊन निवृत्त होत नाही. तो परवाना मिळेपर्यंतची वर्षे कुठे काढायची? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर एकच, वयोगटाच्या संघाबरोबर किंवा कोणाचा तरी सहाय्यक म्हणून. येथे मात्र जिना आहे हे कबूल केले पाहिजे. फक्त तो परवान्यांचा जिना आहे, पदांचा नव्हे. प्रो परवाना असलेला माणूसही दुसऱ्याच दिवशी सहाय्यकाची नोकरी धरू शकतो.

आणि भारतात पुष्कळदा त्याला ती धरावी लागते. आयएसएलचे क्लब बहुधा स्पेन, इंग्लंड किंवा अन्य देशांतून मुख्य प्रशिक्षक आणतात आणि सोबत भारतीय सहाय्यक ठेवतात. देशातील सर्वांत मोठ्या स्पर्धेत काम करायचे तर भारतीय प्रशिक्षकापुढे बराच काळ हाच दरवाजा उघडा होता, आणि ऐझॉलच्या विजयानंतर ईस्ट बंगाल व मोहन बागान या कोलकात्याच्या दोन्ही दिग्गज क्लबांत मुख्य म्हणून काम करून, पण साखळी विजेतेपद न मिळवता बाहेर पडलेल्या खालिद जमील यांनी तो निवडला. याला मी डिमोशन म्हणणार नाही. पण सगळे काही स्वखुशीने झाले असेही म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. बाजारात जी जागा होती ती त्यांनी घेतली.

जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्टने स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नुस यांना हंगामाच्या मध्यावर दूर केले आणि जमील यांना तात्पुरते मुख्य केले. हंगामी प्रशिक्षक हा आणखी एक वेगळाच प्रकार आहे. त्याला खेळाडू विकत घेता येत नाहीत, नवी पद्धत रुजवायला वेळ नसतो आणि पुढच्या महिन्यात आपण या खुर्चीत असू की नाही हेही ठाऊक नसते. पण एक मोठी सोय असते, ती म्हणजे तो सहाय्यक असल्यामुळे कोणाच्या मनात काय सलते आहे हे त्याला आधीच माहीत असते. जमील यांच्या हाती आल्यावर संघ दहा सामने हरला नाही. साखळीत तिसरा येऊन तो उपांत्य फेरीत पोहोचला आणि तेथे दुसऱ्या सामन्यात एटीके मोहन बागानकडून २-१ असा हरला. त्याच वर्षी त्यांना कायम करण्यात आले आणि आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षकपदी कायमस्वरूपी नेमले गेलेले ते पहिले भारतीय ठरले. त्यानंतरचा पूर्ण हंगाम मात्र वाईट गेला. संघ अकरांत दहावा आला आणि ते पायउतार झाले. तेथून ते गेले कोठे? खालच्या श्रेणीतील बेंगळुरू युनायटेडकडे. मग २०२३ अखेरीस जमशेदपूर एफसी, आयएसएलची उपांत्य फेरी, २०२५ च्या सुपर कपचा अंतिम सामना आणि महासंघाचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा सन्मान लागोपाठ दोन वर्षे. हा आलेख कागदावर काढला तर आपल्या जुन्या कसारा घाटाच्या रस्त्यासारखा दिसेल.

गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडा यांची कहाणी याच मुशीतली आहे. धेंपो आणि एफसी गोवाकडून खेळलेले मिरांडा एफसी गोवामध्ये सहाय्यक होते. जानेवारी २०२० च्या शेवटी क्लबने सर्जिओ लोबेरा यांना काढले, तेव्हा साखळीतले शेवटचे तीन सामने मिरांडा यांनी सांभाळले, तिन्ही जिंकले आणि गोवा साखळीत अव्वल राहिला. २०२३ मध्ये ओडिशा एफसीत ते पुन्हा सहाय्यक होते, मुख्य प्रशिक्षक गेल्यावर पुन्हा तात्पुरते मुख्य झाले आणि त्यांनी ओडिशाला सुपर कप, म्हणजे क्लबचा पहिलाच मोठा चषक, जिंकून दिला. त्या उन्हाळ्यात ओडिशाने कायमचा मुख्य प्रशिक्षक नेमला, तो कोण? सर्जिओ लोबेरा. मिरांडा मोहन बागानमध्ये सहाय्यक म्हणून गेले. हंगामी प्रशिक्षकाने चषक जिंकला तरी क्लबच्या मालकांच्या मनात त्याची प्रतिमा सहाय्यकाचीच राहते, ही भारतीय फुटबॉलमधली एक खोडी आहे, आणि ती मिरांडा यांच्या बाबतीत मला विशेष खटकते.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०१२ पर्यंत ते पद भूषवणाऱ्या सावियो मेदेरा यांच्यानंतर या जागी परदेशी प्रशिक्षकच होते. पहिल्याच महिन्यात ताजिकिस्तानमधील काफा नेशन्स कप या मध्य आशियाई महासंघाच्या स्पर्धेत भारताने यजमानांना २-१ हरवले, इराणकडून ०-३ हार पत्करली आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले. ऑक्टोबरमध्ये मडगावच्या मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१ हार झाली. समाजमाध्यमांवर ज्यांनी सप्टेंबरमध्ये त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांनीच दोन महिन्यांत खाली ठेवले. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला रोजचा सराव मिळत नाही, वर्षातून मोजके दिवस खेळाडू हाती लागतात. क्लबमध्ये आठवड्यामागून आठवडे घडवत नेण्याची ज्याला सवय आहे त्याच्यासाठी हा चौथा वेगळा व्यवसाय समजावा, असे म्हटले तरी चालेल.

नाशिकमध्ये या सर्वाचा संबंध कोठे येतो, असे कोणी विचारील. कोल्हापुरात तालमींच्या संघांमुळे फुटबॉल रक्तात आहे, मुंबईत क्लब आहेत. नाशिकचे नाव धावण्यात कविता राऊतने, नौकानयनात दत्तू भोकनळने आणि बुद्धिबळात विदित गुजराथीने गाजवले, फुटबॉलमध्ये तसे कोणी नाही. तरीही गंगापूर रोडपासून देवळालीपर्यंत शाळांच्या आणि खासगी वर्गांच्या मैदानांवर संध्याकाळी मुले चेंडू खेळतात, आणि तेथे शिट्टी घेऊन उभा असलेला तरुण बहुतेक वेळा विद्यापीठाच्या किंवा जिल्ह्याच्या संघातून खेळलेला, पंचविशीतला, गुडघा दुखावलेला असा असतो. पालक त्याला सर म्हणतात आणि तो किती गोल मारायचा हे विचारतात. त्यापेक्षा त्याच्याकडे कोणता परवाना आहे, तो कोणाच्या हाताखाली शिकला आहे आणि मैदानावर तो चाळीस मुलांना एका रांगेत उभे करून आळीपाळीने चेंडू मारायला लावतो की चार-चारचे गट पाडून प्रत्येकाला सतत चेंडू मिळेल असे पाहतो, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. डी परवान्याच्या अभ्यासक्रमात शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या काही गोष्टींत हीच एक असते: मुलाने रांगेत उभे राहण्यात जेवढा वेळ घालवला तेवढा त्याचा सराव वाया गेला.

ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने सुरुवात जिल्हा संघटनेमार्फत या अभ्यासक्रमाची चौकशी करून करावी, आणि परवाना मिळाल्यावर लगेच स्वतःचा वर्ग काढण्यापेक्षा दोन-तीन हंगाम एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाचे शंकू मांडावेत. शंकूंमधले अंतर आठ मीटर ठेवले की बारा, यावरून मुले चेंडू पायाशी ठेवतात की लांब भिरकावतात हे ठरते. ते अंतर का बदलले, हे त्या प्रशिक्षकाला सराव संपल्यावर विचारता येते.